वाचकांचे प्रश्न : क्वांटम प्रोग्रामचा कंपायलर नेमकं करतो काय?

क्वांटम चिप एकटी कधीच चालत नाही. कुठल्या क्युबिटवर (शून्य आणि एक यांचं मिश्रण धरू शकणारा क्वांटम बिट) कोणतं गेट (क्युबिटवरची एक क्रिया) कधी चालवायचं, मोजून आलेल्या शून्य-एकांचं पुढे काय करायचं, हे सगळं शेजारचा साधा संगणक ठरवतो. त्यामुळे या क्षेत्रातला प्रत्येक प्रोग्राम दोन यंत्रांचा मिळून असतो, आणि कुणी काय करायचं याची वाटणी कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्राम, करतो. पुण्यात मी याच कंपायलरवर काम करते. त्याआधी सिग्नल प्रोसेसिंगच्या चिपांसाठी कंपायलर लिहायचे. गेल्या अंकात क्वांटम संगणकावर लेख आला, त्यावरच्या पत्रांतले प्रोग्रामिंगविषयीचे प्रश्न संपादकांनी माझ्याकडे पाठवले.

प्रश्न : मला सी प्लस प्लस आणि पायथॉन येतं. क्विस्किट उघडून पाहिलं, तर ती पायथॉनचीच लायब्ररी निघाली. मग क्वांटमची भाषा कुठे आहे, आणि कंपायलर कशाचं काय करतो? (अभियांत्रिकी, तिसरं वर्ष, सांगली)

तुम्ही लिहिलेलं पायथॉन चिपपर्यंत पोचतच नाही. ते आधी तुमच्या लॅपटॉपवर चालतं आणि त्यातून एक यादी तयार होते : पहिल्या क्युबिटवर हॅडमर्ड (शून्याचं शून्य-एक असं समान मिश्रण करणारं गेट), मग पहिल्या-दुसऱ्यावर सीनॉट (पहिला एक असेल तर दुसऱ्याला उलटवणारं गेट), मग दोन्ही मोजा. या यादीला सर्किट म्हणतात. तुमचा फॉर लूप शंभरदा फिरला तर यादीत शंभर ओळी येतात, चिपला लूप असा दिसत नाही. आयबीएमचं क्विस्किट 2017 मध्ये आणि गूगलचं सर्क 2018 मध्ये याच वळणाने सुरू झालं. मायक्रोसॉफ्टने 2017 च्या डिसेंबरमध्ये आणलेली क्यू शार्प मात्र स्वतंत्र भाषा आहे, तिचे इफ आणि लूप तिचे स्वतःचे. आता क्विस्किटमध्येही सर्किटच्या आत इफ आणि लूप घालता येतात.

कंपायलरचं काम समजायला तेच दोन ओळींचं सर्किट घेऊ, कारण ते वहीवर करून बघता येतं. आयबीएमच्या हेरॉन चिपवर हॅडमर्ड नावाचं गेटच नाही, सीनॉटही नाही. तिथे मुख्यतः तीन गेटं कामाला येतात : एसएक्स, आरझेड (फक्त फेज, म्हणजे मिश्रणातल्या शून्य आणि एक यांच्यामधला कोन, फिरवणारं) आणि दोन क्युबिटांवर चालणारं सीझेड. हॅडमर्ड लिहायचं तर 90 अंशांचं आरझेड, एक एसएक्स, पुन्हा 90 अंशांचं आरझेड. सीनॉट लिहायचं तर दुसऱ्या क्युबिटवर हॅडमर्ड, मग सीझेड, मग दुसऱ्यावर पुन्हा हॅडमर्ड. म्हणजे एकूण तीन हॅडमर्ड आणि एक सीझेड. उलगडल्यावर तीन एसएक्स, सहा आरझेड, एक सीझेड.

आता छाटणी. क्युबिट शून्य स्थितीत असताना आरझेड लावलं तर मोजता येईल असा काहीच फरक पडत नाही, म्हणून दोन्ही क्युबिटांवरचं पहिलं आरझेड उडालं. आरझेड सीझेडच्या अलीकडे लावा की पलीकडे, उत्तर तेच येतं. त्यामुळे पहिल्या क्युबिटवरचं उरलेलं आरझेड सीझेडच्या पलीकडे सरकवता येतं, आणि तिथे ते थेट मोजणीला भिडतं. मोजणीच्या तोंडावरचं आरझेड निकाल बदलत नाही, म्हणून तेही उडालं. दुसऱ्या क्युबिटवर सीझेडच्या अलीकडचं आणि पलीकडचं आरझेड एकत्र होऊन 180 अंशांचं एकच झालं, आणि शेवटचं मोजणीमुळे गळलं. सहा आरझेडांचं एक उरलं.

तुम्ही विचाराल, हेरॉनवर आरझेडला तसाही वेळ लागत नाही, पुढच्या मायक्रोवेव्ह पल्सचा फेज तेवढा बदलतात, मग मिळवलं काय? फायदा लांब सर्किटमध्ये दिसतो. एका क्युबिटवर सलग कितीही गेटं असोत, ती जास्तीत जास्त दोन एसएक्स आणि तीन आरझेडमध्ये बसवता येतात. आरझेड सीझेडच्या पलीकडे नेलं की ज्या माळा आधी तुटक होत्या त्या जुळतात, आणि खरा वेळ खाणारे एसएक्स कमी होतात.

यापेक्षा मोठा खर्च वेगळाच आहे. हेरॉनवर एका क्युबिटला जास्तीत जास्त तीनच शेजारी असतात, आणि सीझेड फक्त शेजाऱ्यांत लागतं. तुमच्या सर्किटमधले दोन क्युबिट चिपवर लांब असतील तर एकाला सरकवत दुसऱ्याजवळ न्यावं लागतं. भरलेल्या लोकलमध्ये दाराशी पोचायला मधल्या प्रत्येकाशी जागेची अदलाबदल करावी लागते, तसं. इथे एका अदलाबदलीला दोन क्युबिटांची तीन गेटं लागतात, आणि चुका सगळ्यात जास्त होतात त्या याच प्रकारच्या गेटांत. कमीत कमी अदलाबदलीत हे कसं जमवायचं, हे गणित मोठ्या सर्किटसाठी अचूक सोडवणं आवाक्याबाहेर जातं, म्हणून अंदाजाने चालणाऱ्या पद्धती वापरतात. 2019 मध्ये आलेली सेबर ही पद्धत मला फार आवडते. ती पुढे येणाऱ्या गेटांवर नजर ठेवून अदलाबदल निवडते, आणि सर्किट एकदा सरळ, एकदा उलटं चालवून सुरुवातीची मांडणीही सुधारते. क्विस्किटमध्ये ती आहे, तिचा गाभा आता रस्ट या भाषेत लिहिलेला आहे. कोड खुला आहे, सी प्लस प्लस येणाऱ्याला वाचायला अवघड जाणार नाही.

प्रश्न : क्वांटम कंपायलर स्वतः क्वांटम संगणकावर चालतो का? (विटा)

नाही. साध्या सर्व्हरवर किंवा तुमच्या लॅपटॉपवर चालतो. गेटांची यादी उलटसुलट करणं हे आलेखांचं आणि झाडांचं काम आहे, त्याला क्वांटम लागत नाही.

प्रश्न : मी बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये आहे. 'हायब्रिड' म्हणजे साध्या संगणकाने क्वांटमला काम पाठवायचं आणि उत्तर आलं की पुढे जायचं, असंच ना? म्हणजे एक एपीआय कॉल. त्यात भाषेचा आणि कंपायलरचा संबंध कुठे येतो? (पुणे)

सुरुवात अशीच झाली होती. 2014 मध्ये रेणूची किमान ऊर्जा काढण्याची एक पद्धत प्रसिद्ध झाली, तिला व्हीक्यूई म्हणतात. चिपवर एक छोटं सर्किट चालवायचं, ज्यातल्या काही गेटांचे कोन बदलता येतात. हजारो वेळा मोजून सरासरी काढायची. ती पाहून साधा संगणक नवे कोन ठरवतो, की पुन्हा सर्किट. ही फेरी शेकडो-हजारो वेळा चालते. प्रत्येक फेरीत सर्किट नव्याने कंपाइल झालं, नव्याने रांगेत लागलं, नेटवर्कवरून गेलं-आलं, तर चिप बहुतेक वेळ नुसती बसून राहते. आयबीएमने 2021 मध्ये जाहीर केलेले आकडे बघा : लिथियम हायड्राइडच्या रेणूचा जो हिशेब आधी 45 दिवस चालला होता, तो 9 तासांत झाला, म्हणजे 120 पट वेगाने. यातला मोठा वाटा साधा प्रोग्राम चिपशेजारच्या सर्व्हरवर नेऊन ठेवण्याचा होता, बाकी सॉफ्टवेअर आणि चिपच्या सुधारणांचा.

कंपायलर इथे पहिल्यांदा उपयोगी पडतो. सर्किटचा आकार दर फेरीला तोच असतो, फक्त कोन बदलतात. म्हणून कोन 'मागाहून कळेल' असे मोकळे ठेवून एकदाच कंपाइल करायचं आणि प्रत्येक फेरीत आकडे तेवढे भरायचे. एकदा कंपाइल केलेली क्वेरी वेगवेगळे पॅरामीटर देऊन चालवणं बँकेत तुमच्या रोजच्या सवयीचं आहे.

पण 'एपीआय कॉल' हे चित्र खरं मोडतं ते सर्किटच्या मध्येच निर्णय घ्यायचा असतो तेव्हा. एक क्युबिट मोजा, एक आला तर दुसऱ्यावर एक्स (शून्याचं एक आणि एकाचं शून्य करणारं गेट) लावा, नाही तर लावू नका. दुसरा क्युबिट तोवर वाट पाहत असतो, आणि अतिवाहक क्युबिट आपली स्थिती काहीशे मायक्रोसेकंदच धरून ठेवतो. पुण्यातून अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंतचा पिंगच दोनशे मिलिसेकंदांच्या पुढे जातो. तेवढ्यात क्युबिट शेकडो वेळा विझून जाईल. हा इफ चिपला जोडलेल्या नियंत्रक इलेक्ट्रॉनिक्समध्येच चालायला हवा. एकाच प्रोग्राममधला एक इफ पायथॉनमध्ये चालतो आणि दुसरा चिपशेजारच्या एफपीजीएवर (हव्या त्या कामासाठी जुळवून घेता येणारी साधी चिप), आणि कुठला कुठे हे कंपायलरने ओळखायचं असतं. ते ओळखायचं तर दोन्ही इफ भाषेत दिसले पाहिजेत. दोन वेगळ्या प्रोग्रामांमध्ये एपीआयची भिंत असली की कंपायलरला भिंतीपलीकडचं काहीच दिसत नाही. दोन्ही यंत्रांचा कोड एकाच भाषेत असावा असा माझा आग्रह आहे, तो एवढ्यासाठीच.

चूक-दुरुस्तीत ही घाई टोकाला जाते. गूगलने 2024 च्या डिसेंबरमध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चुका तपासण्याची एक फेरी 1.1 मायक्रोसेकंदांची होती. दर फेरीला मोजणीचे आकडे बाहेर येतात आणि कुठे चूक झाली ते साधा संगणक शोधतो. अंतर 5 च्या कोडसाठी (अंतर जितकं मोठं तितक्या जास्त चुका कोड झेलतो) त्याला उत्तर द्यायला सरासरी 63 मायक्रोसेकंद लागत होते, आणि दहा लाख फेऱ्यांपर्यंत तो मागे पडला नाही. म्हणजे क्वांटम संगणक मोठा होत जाईल तसं साध्या संगणकाचं काम कमी होणार नाही, वाढत जाईल.

प्रश्न : ओपनक्वाझम, क्यूआयआर, एमएलआयआर अशी नावं सारखी ऐकू येतात. यातलं नेमकं काय शिकावं? (ठाणे)

ओपनक्वाझम ही सर्किट लिहून ठेवायची मजकुरी भाषा. 2017 मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत निर्णय म्हणजे एकच प्रकार होता : रजिस्टरमधला आकडा अमुक असेल तर हे गेट लावा. 2021 मध्ये मांडलेल्या तिसऱ्या आवृत्तीत लूप आले, फंक्शनं आली, साधे पूर्णांक आले, आणि वेळ आली. वेळेचं महत्त्व बाहेरच्यांना पटकन कळत नाही, म्हणून जरा खोलात जाते.

एखादा क्युबिट रिकामा बसून असतो तेव्हा आसपासच्या गोंधळाने तो बिघडत जातो. उपाय म्हणून त्या रिकाम्या वेळात त्याच्यावर दोन एक्स लावतात, ठरावीक अंतराने. पहिल्या एक्सने तो उलटा होतो, दुसऱ्याने सुलटा, आणि मधल्या काळात साचलेला हळू बदलणारा बिघाड बराचसा आपोआप फिटतो. आता कंपायलरच्या नजरेने बघा : एक्स, मग पुन्हा एक्स, म्हणजे काहीच नाही. इमानदार ऑप्टिमायझर ही जोडी काढून टाकणार. सिम्युलेटरवर उत्तर बरोबर, कारण तिथे गोंधळ नाही; चिपवर उत्तर बिघडलेलं. आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे उदाहरण दाखवतेच. प्रत्येक पासनंतर (पास म्हणजे कंपायलरने प्रोग्रामवर केलेली बदलांची एक फेरी) बदललेला प्रोग्राम छापून काढायचा आणि ते दोन एक्स कुठल्या पासला गायब झाले ते शोधायचं. उपाय दोन. एक तर हे एक्स अगदी शेवटी घालायचे, सगळ्या छाटण्या उरकल्यावर. किंवा भाषेतच सांगायचं की ही वेळ मुद्दाम ठेवली आहे, हिच्यात हात घालू नको. ओपनक्वाझमच्या तिसऱ्या आवृत्तीतले 'डिले' आणि 'बॉक्स' हे शब्द यासाठीच आहेत.

क्यूआयआर, म्हणजे कंपायलरच्या आत क्वांटम प्रोग्राम लिहून ठेवायचं एक मधलं रूप, मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये मांडलं. त्यांनी नवा पाया घातला नाही, एलएलव्हीएम घेतलं. एलएलव्हीएम म्हणजे आज क्लँग, स्विफ्ट, रस्ट ज्याच्यावर उभे आहेत तो कंपायलरचा पाया. 2000 साली इलिनॉय विद्यापीठात विक्रम अडवे आणि त्यांचे विद्यार्थी ख्रिस लॅटनर यांनी तो सुरू केला. अडवे सर आयआयटी मुंबईचे पदवीधर, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. क्यूआयआरमध्ये प्रत्येक क्वांटम गेट म्हणजे एक फंक्शन कॉल. फायदा असा की साध्या गणिताचा भाग एलएलव्हीएम उत्तम सुधारतं. तोटा असा की त्या कॉलच्या आत काय आहे हे त्याला कळत नाही. लागोपाठ दोन हॅडमर्ड म्हणजे काहीच न केल्यासारखं, हे त्याला कोण सांगणार?

ते सांगायची सोय एमएलआयआरमध्ये आहे. 2019 मध्ये गूगलमधून आलेला हा पाया तुम्हाला स्वतःचे गेट, स्वतःचे प्रकार आणि स्वतःचे नियम घालू देतो. तिथे क्युबिटकडे मूल्य म्हणून बघता येतं : हॅडमर्डने क्युबिट घेतला आणि नवा क्युबिट परत दिला, पुढचं गेट तो नवा घेतं. अशी धाग्यासारखी साखळी असली की दोन हॅडमर्ड लागोपाठ आहेत का, हे बघायला सगळा प्रोग्राम धुंडाळावा लागत नाही; धागा धरून एक पाऊल मागे जायचं. एनव्हिडियाचा कूडा-क्यू आणि झॅनाडू कंपनीचा कॅटॅलिस्ट हे दोन्ही कंपायलर असंच करतात. कॅटॅलिस्टमध्ये तर कोन सुधारणारा साधा लूपही सर्किटसकट एकत्र कंपाइल करता येतो.

निवडायचंच असेल तर आधी एलएलव्हीएम, मग एमएलआयआर. ओपनक्वाझम तुम्ही दोन संध्याकाळींत वाचून काढाल.

प्रश्न : क्युबिटची नक्कल करता येत नाही असं लेखात वाचलं. मग प्रोग्राममध्ये 'ख = क' असं लिहिताच येणार नाही? तात्पुरती मूल्यं कुठे ठेवायची? (निवृत्त गणित शिक्षक, रत्नागिरी)

सर, इतका नेमका प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार. नक्कल न होण्याचा सिद्धांत 1982 चा : वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी मांडला. त्यामुळे 'ख = क' याचा नक्कल करणारा अर्थ भाषेत ठेवताच येत नाही. क हातचा गेला आणि ख मिळाला, एवढाच अर्थ उरतो. पीटर सेलिंजर यांनी 2004 मध्ये मांडलेल्या भाषेपासून हा नियम प्रकारांच्या तपासणीतच बसवला जातो. क्वांटिन्यूअम कंपनीची गप्पी ही भाषा दिसायला पायथॉनसारखी आहे, पण एकदा देऊन टाकलेला क्युबिट पुन्हा वापरलात तर ती कंपाइल करतानाच नकार देते. महागड्या यंत्रावर जाऊन कळण्यापेक्षा ते घरीच कळलेलं बरं.

तात्पुरत्या मूल्यांचा तुमचा मुद्दा मला त्याहून खोल वाटतो. वहीच्या समासात आपण आकडेमोड करतो आणि विसरून जातो, उत्तराला धक्का लागत नाही. क्वांटम प्रोग्राममध्ये मात्र तात्पुरता क्युबिट मुख्य क्युबिटांशी गुंतलेला राहतो. तो नुसता टाकून दिला तर मोजून टाकल्यासारखाच परिणाम होतो, आणि ज्या शक्यतांनी एकमेकांना छेद देऊन चुकीची उत्तरं पुसायची होती त्या तसं करत नाहीत. म्हणून तो आधी शून्यावर परत आणावा लागतो. कृती अशी : हिशेब करा, उत्तर कोऱ्या क्युबिटांवर सीनॉटने उतरवून घ्या, मग तोच हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे उलटा चालवा. ही कल्पना चार्ल्स बेनेट यांनी 1973 मध्येच मांडली होती, उलट फिरवता येणाऱ्या साध्या गणनेसाठी. (सीनॉटने उतरवणं म्हणजे नक्कल नव्हे का, ही शंका तुम्हाला येईलच. ते फक्त शून्य-एक उतरवतं. क्युबिट दोन्हींच्या मिश्रणात असेल तर दोघं गुंततात, दुसरी स्वतंत्र प्रत तयार होत नाही.)

हे हाताने लिहायचं म्हणजे प्रत्येक हिशेब दोनदा लिहायचा, आणि दुसऱ्यांदा उलटा. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात 2020 मध्ये तयार झालेली सिल्क ही भाषा हे काम स्वतः करते, आणि जिथे करणं शक्य नाही तिथे प्रोग्राम स्वीकारतच नाही. मी पाहिलेल्या क्वांटम भाषांमध्ये मला सगळ्यात सुंदर वाटलेली ही भाषा. चिपवर काम करताना मला ती वापरता येत नाही याची हळहळ आहे, कारण वर सांगितलेली वेळेची आणि दोन यंत्रांच्या वाटणीची बाजू तिच्यात नाही. या दोन्ही गोष्टी एका भाषेत आणणं हे काम अजून बाकी आहे, आणि ते कुणीतरी करावं अशी माझी फार इच्छा आहे.

प्रश्न : माझी मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला यात जायचंय. यातलं काही महाराष्ट्रात होतं का, की परदेशीच जावं लागेल? आणि आत्ता घरी बसून काय करता येईल? (नांदेड)

होतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये सहा क्युबिटांच्या अतिवाहक प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाचणी पूर्ण झाली. क्युबिट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनले, नियंत्रण आणि मोजणीची यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातल्या तरुण शास्त्रज्ञांच्या क्वांटम प्रयोगशाळेने जुळवली, आणि क्लाउडवरून सर्किट पाठवण्याचा भाग टीसीएसने केला. सर्किट क्लाउडवरून गेलं, चिपवर चाललं, निकाल परत आला. मी वर ज्या दोन यंत्रांबद्दल लिहिते आहे ती दोन्ही यात आली, म्हणून ही बातमी मला क्युबिटांच्या संख्येपेक्षा मोठी वाटते.

राष्ट्रीय क्वांटम मिशन 2023 च्या एप्रिलमध्ये मंजूर झालं, 6,003.65 कोटी रुपयांचं. त्याच्या चार केंद्रांपैकी आयआयटी मुंबईकडे संवेदन आणि मापन आहे. संगणनाचं केंद्र बंगळुरूला, आयआयएससीत. प्रवेशाचा विचार करताना हा फरक तिने लक्षात ठेवावा.

घरी बसून बरंच करता येतं, आणि त्याला चिप लागत नाही. सिम्युलेटरमध्ये एक क्युबिट वाढला की लागणारी मेमरी दुप्पट होते : 25 क्युबिटांना अर्धा जीबी, 30 ला 16 जीबी. शिकण्यासाठी दहा-बारा क्युबिट पुरतात, ते कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालतात. गणितात मॅट्रिक्सचा भाग पक्का करायला सांगा. कॉलेजात कंपायलरचा विषय असेल तर तो मार्कांपुरता करू नये, पार्सर (प्रोग्रामचा मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) आणि रजिस्टर वाटप (कुठलं मूल्य प्रोसेसरच्या मोजक्या जागांपैकी कुठे ठेवायचं ते ठरवणारा भाग) स्वतःच्या हाताने लिहावं. रजिस्टर वाटप ज्याला नीट कळलं त्याला चिपवर क्युबिटांची मांडणी कळायला वेळ लागत नाही.

मग एक छोटं काम : पाच क्युबिट एका रांगेत आहेत, सीनॉट फक्त शेजाऱ्यांत लागतो असं धरून, दिलेल्या सर्किटमध्ये लागतील तिथे अदलाबदली घालणारा प्रोग्राम तिने लिहावा. आधी जमेल तसा. मग ओपनक्वाझममधली पाच-सहा सर्किटं घेऊन मूळ आणि बदललेलं सर्किट सिम्युलेटरवर एकच निकाल देतात का ते ताडून पाहावं. अदलाबदलीमुळे क्युबिटांचे क्रमांक बदलतात, ते मोजताना परत जुळवायला विसरू नये. हे चाललं की अदलाबदली कमी करायच्या मागे लागावं. नोकरीसाठी मुलाखतीला येणाऱ्यांकडून आम्ही जवळपास हेच करून घेतो.